विश्लेषण : भाड्याच्या घरात घरमालकाच्या कायदेशीर जबाबदाऱ्या कोणत्या? करार नोंदवला नसेल तर शब्द कोणाचा चालतो?

जून जवळ आला की पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक अशा शहरांत भाड्याच्या घरांसाठी धावपळ सुरू होते. कोणाला महाविद्यालयाजवळ खोली हवी असते, कोणाची बदली झालेली असते, तर कोणाची जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली असते. घर पसंत पडते, डिपॉझिट दिले जाते, किल्ली हातात येते. ‘बाकीचे नंतर बघू’ असे म्हणून कागदपत्रांचे काम मागे पडते. छताला गळती लागली, मालकाने मुदतीआधीच घर सोडायला सांगितले किंवा डिपॉझिट परत करायला टाळाटाळ केली की मग प्रश्न पडतो, कायदा नेमका काय सांगतो? भाडेकरूची कर्तव्ये बहुतेकांना ठाऊक असतात, कारण ती करारात ठळकपणे लिहिलेली असतात. घरमालकाच्या जबाबदाऱ्यांची मात्र फारशी चर्चा होत नाही. त्या कोणत्या, याचा हा आढावा.

महाराष्ट्रात कोणता कायदा लागू आहे?

राज्यात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याआधी राज्याच्या तीन भागांत तीन वेगवेगळे कायदे होते. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा आदेश, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा लागू होता. १९९९ च्या अधिनियमाने हे सगळे एकत्र आणले. याशिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हे दोन जुने केंद्रीय कायदेही घरमालकाला बांधील ठेवतात.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. समाजमाध्यमांवर ‘नवा भाडे कायदा आला’ असे जे संदेश फिरतात, त्यांतील बराचसा मजकूर या मसुद्यातून घेतलेला असतो. मात्र तो नमुना कायदा आहे. राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केल्याशिवाय त्यातील तरतुदी तेथील घरमालकावर किंवा भाडेकरूवर बंधनकारक ठरत नाहीत. शेजारच्या गोव्याचा कायदाही वेगळा, १९६८ चा आहे. त्यामुळे आधी आपले घर कोणत्या राज्यात आहे आणि तेथे कोणता कायदा चालतो, हे पाहावे लागते.

‘भाडेकरू’ आणि ‘परवानाधारक’ यांत फरक काय?

सर्व हक्कांचे मूळ या फरकात आहे. बोलीभाषेत भाड्याने राहणारा प्रत्येक जण भाडेकरू असतो, पण कायद्याच्या नजरेत तसे नाही. जुन्या चाळी, वाडे, पागडीची घरे यांत वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबे ही कायद्याने भाडेकरू आहेत. घराच्या वापराचा आणि ताब्याचा हक्क त्यांच्याकडे आलेला असतो आणि भाडे नियंत्रण कायद्याचे पूर्ण संरक्षण त्यांना मिळते.

आज शहरांत नव्याने भाड्याने दिली जाणारी बहुतेक घरे मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात. त्यात राहणाऱ्याला ठरावीक काळ जागा वापरण्याची परवानगी मिळते, मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. अशी व्यक्ती कायद्याच्या भाषेत परवानाधारक असते. मुदत संपल्यावर तिला घर सोडावे लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. कायद्याच्या कलम २४ मध्ये ही तरतूद आहे.

म्हणजे परवानाधारकाला काहीच संरक्षण नाही का? तसे नाही. त्याचे बरेचसे हक्क करारातून येतात, तर काही थेट कायद्यातून. म्हणूनच करारात काय लिहिले आहे, याला त्याच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे.

करार नोंदवण्याची जबाबदारी कोणाची?

घरमालकाची. अधिनियमाचे कलम ५५ याबाबत स्पष्ट आहे. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदणी कायद्यानुसार नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याचे दायित्व मालकावर आहे. ते न पाळल्यास दोषी ठरणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याच कलमात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. लेखी आणि नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. भाडे १५ हजार ठरले होते की १८ हजार, डिपॉझिट किती दिले होते, मुदत एक वर्षाची होती की दोन, अशा प्रत्येक मुद्द्यावर हे लागू होते. नोंदणीचा खर्च वाचवू पाहणारा मालक प्रत्यक्षात स्वतःचीच बाजू कमकुवत करत असतो. उलट लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार केलेला असेल, तर कलम २४ नुसार तो त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे खरे का?

महाराष्ट्रात हे खरे नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही. त्यावरून देशभर ११ महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. पण महाराष्ट्राच्या कलम ५५ मध्ये मुदतीची कोणतीही सवलत नाही. करार ११ महिन्यांचा असो वा तीन महिन्यांचा, नोंदणी आवश्यकच आहे. १०० किंवा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टंकलिखित करून, नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे.

नोंदणीचा खर्चही फार नाही. मुदतीतील एकूण भाडे आणि परतावा मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा भाडे दरमहा २० हजार, डिपॉझिट एक लाख आणि मुदत ११ महिने आहे. एकूण भाडे दोन लाख २० हजार आणि डिपॉझिटवरील व्याज सुमारे नऊ हजार १६७ रुपये होते. या बेरजेवर मुद्रांक शुल्क येते सुमारे पावणेसहाशे रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेमुळे आधार पडताळणी आणि बोटांचे ठसे देऊन घरबसल्या नोंदणी करता येते. हा खर्च कोणी करायचा, हे दोघांनी आपसांत ठरवायचे असते. नोंदणी झाली नाही तर जबाब मात्र मालकालाच द्यावा लागतो.

गळती, प्लास्टर, ड्रेनेज... दुरुस्ती कोणी करायची?

भाडेकरूच्या बाबतीत कलम १४ चे उत्तर थेट आहे. घर राहण्यायोग्य आणि सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मात्र भाडेकरूने करारात याच्या विरुद्ध काही मान्य केलेले नसेल, तरच ते लागू होते. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. एकट्याने किंवा इमारतीतील भाडेकरूंनी मिळून ती देता येते. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात किंवा मालकाकडून वसूल करू शकतात.

याला मर्यादा आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. भाडे दरमहा चार हजार रुपये असेल तर वर्षाचे ४८ हजार होतात. म्हणजे त्या वर्षात कमाल १२ हजार रुपये वळते करता येतील. ‘दुरुस्ती होईपर्यंत भाडेच देणार नाही’ अशी भूमिका मात्र भाडेकरूच्या अंगाशी येऊ शकते, कारण थकबाकी हे घर रिकामे करून मागण्याचे कारण ठरते. खर्चाची बिले, कामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, नोटिशीची पोच हे सर्व जपून ठेवावे.

लिव्ह अँड लायसन्समध्ये दुरुस्तीची विभागणी बहुतांशी करारावर अवलंबून असते. भिंतींची गळती, जुने पाइप, मुख्य वायरिंग यांचा खर्च मालकाकडे आणि नळाचे वॉशर, दिवे, रोजच्या वापरातील किरकोळ कामे राहणाऱ्याकडे, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टातही साधारण हीच रचना आहे. त्यामुळे करार करताना ती नमुना म्हणून वापरता येते.

करारात काहीही लिहिलेले नसले तरी सुविधाधिकार अधिनियम मालकावर दोन बंधने घालतो. घरात जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर तो आधी सांगणे मालकाला भाग आहे. घर दिल्यानंतरही ते धोकादायक होईल असे काही त्याने करायचे नसते. शॉक देणारा गिझर किंवा हलणारा बाल्कनीचा कठडा माहीत असूनही लपवणे, हा केवळ निष्काळजीपणा राहत नाही. भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसारही सहज लक्षात न येणारे गंभीर दोष उघड करावे लागतात.

पाणी किंवा वीज तोडता येते का?

भाडेकरूवर दबाव आणण्यासाठी नळ बंद करणे, वीज तोडणे, जिन्यातील दिवे काढून घेणे हे प्रकार जुन्या इमारतींत घडतात. कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा रोखणे बेकायदा आहे. त्यात पाणी, वीज, जिना आणि व्हरांड्यातील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छतेच्या सोयी येतात. मालकाने स्वतः हात लावला नाही, पण त्याने बिल न भरल्यामुळे किंवा अन्य कृतीमुळे पालिकेने पुरवठा बंद केला, तरीही जबाबदारी त्याच्यावरच येते. भाडेकरू न्यायालयात अर्ज करू शकतो आणि न्यायालय अंतिम निकालाची वाट न पाहता पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश देऊ शकते. गुन्हा सिद्ध झाल्यास मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे.

या कलमाची भाषा भाडेकरूबद्दल आहे. म्हणून लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने पाणी, वीज आणि लिफ्ट मुदतभर सुरू राहतील, अशी अट करारात घालून घेणे शहाणपणाचे ठरते. विजेबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘दिलीप विरुद्ध सतीश’ या प्रकरणात स्पष्ट केले आहे की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि केवळ घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिले नाही म्हणून भाडेकरूला वीजजोडणी नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहत आहे का, एवढेच वीज कंपनीने पाहायचे असते.

मालक केव्हाही घरात येऊ शकतो का?

नाही. घर आपले असल्याने दुसरी किल्ली लावून केव्हाही आत जाता येते, असा अनेक मालकांचा समज असतो. कलम २८ नुसार मालकाला पाहणीचा हक्क जरूर आहे. पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळीच. ही तरतूद भाडेकरू आणि परवानाधारक दोघांनाही लागू आहे. रात्री अपरात्री येणे, राहणारे घरात नसताना कुलूप उघडून खोल्या पाहणे यात बसत नाही. मुदत संपत आल्यावर नव्या ग्राहकांना घर दाखवण्यासाठीही वेळ ठरवून घ्यावी लागते. एकट्या राहणाऱ्या तरुणींसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

डिपॉझिट किती आणि परत कधी?

महाराष्ट्राच्या कायद्यात डिपॉझिटवर कमाल मर्यादा नाही. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आदर्श कायद्यात सुचवली आहे. ती येथे आपोआप लागू होत नाही. परताव्याची ठरावीक मुदतही राज्याच्या कायद्यात दिलेली नाही. त्यामुळे सर्वाधिक वाद येथेच होतात आणि करारातील चार ओळी येथेच कामाला येतात.

किल्ली परत देताना त्याच वेळी डिपॉझिट परत मिळेल, कपात करायची असल्यास तिचा लेखी हिशेब आणि बिल दिले जाईल, अशी अट असावी. रोजच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक आहे. भिंतीचा रंग फिका पडणे ही झीज आहे. दार फोडणे हे नुकसान. झिजेचा खर्च राहणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही. ‘घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगकामासाठी कापले जाईल’ असे कलम अनेक छापील करारांत असते. सही केल्यावर त्याविरुद्ध भांडणे अवघड जाते, म्हणून ते आधीच वाचावे. डिपॉझिट रोखीने न देता बँकेतून द्यावे आणि त्या व्यवहाराचा क्रमांक करारात लिहावा.

घराबाहेर काढण्याची कायदेशीर पद्धत कोणती?

भाडेकरू ठरलेले भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल, तर त्याला सहजासहजी बाहेर काढता येत नाही. मान्य वाढ म्हणजे वर्षाला चार टक्के. घरात केलेल्या सुधारणा किंवा वाढलेले कर यांपोटीची वाढ वेगळी असते. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च न्यायालयात भरला, तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही.

इतर कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. घराचे नुकसान, शेजाऱ्यांना उपद्रव, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची खरी गरज ही त्यांतील काही. मालकाच्या गरजेच्या बाबतीत घर सोडल्याने भाडेकरूला आणि न सोडल्याने मालकाला किती त्रास होईल, याची तुलनाही न्यायालय करते. कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर फेकणे हे मार्ग कायद्यात नाहीत. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा हिरावला गेलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा करून ताबा परत मागू शकतो. अशा दाव्यात घराची मालकी कोणाची, हा मुद्दा गैरलागू असतो.

परवानाधारकाच्या बाबतीत मुदतीआधी परवाना रद्द केल्यास घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. त्याची काही चूक नसताना मुदतीपूर्वी बाहेर काढले, तर तो नुकसानभरपाई मागू शकतो. या दोन्ही तरतुदी सुविधाधिकार अधिनियमात आहेत.

इमारत धोकादायक ठरली तर हक्क जातो का?

पावसाळ्यापूर्वी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा जुन्या भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो. घर पाडले की हक्क संपला, अशी भीती त्यांना दाखवली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात सांगितले की पालिकेने मोडकळीस आलेली इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्यामुळे जीव धोक्यात घालून राहण्यापेक्षा बाहेर पडताना आपल्या खोलीचे क्षेत्रफळ, ताबा आणि भाडेकरू असल्याची नोंद पालिकेकडून लेखी करून घेणे महत्त्वाचे ठरते. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेण्याचे बंधन मालक किंवा भोगवटादारांवर आहे.

मालकाच्या आणखी कोणत्या जबाबदाऱ्या आहेत?

मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. पावती नाकारली जात असेल तर भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे, म्हणजे नोंद राहते. ठिकठिकाणचे पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन घरमालकांवर घालतात. आदेश लागू असताना माहिती न दिल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिल्यास संस्थेचे बिनभोगवटा शुल्क सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेतले जाते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

वाद झालाच तर कोठे जायचे?

आधी लेखी कळवावे. व्हॉट्सअ‍ॅप संदेशही उपयोगी पडतो, पण रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस अधिक भक्कम असते. भाडेकरू आणि मालक यांच्यातील दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात, तर जेथे असे न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात चालतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दावा दाखल करण्यापूर्वी लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही तेथूनच खुला होतो.

सही करण्यापूर्वी मात्र काही गोष्टी तपासून घ्याव्यात. करार देणारी व्यक्ती खरोखर मालक आहे का, हे वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा संस्थेच्या भागपत्रावरून पाहावे. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे आणि पंखे, गिझर, फर्निचर यांची यादी कराराला जोडावी. मुदतीआधी घर सोडायचे किंवा सोडायला लावायचे झाल्यास दोन्ही बाजूंना किती दिवसांची सूचना लागेल, हे आकड्यात लिहावे. आणि नोंदणी झाल्यावर कराराची प्रत मागून घ्यावी. ती मोबाइलमध्येही ठेवावी आणि मेलवरही. वाद होईल तेव्हा न्यायालय सर्वांत आधी तोच कागद मागते.